बाय, कॅबिनेट शेवटी मीच निवडलं

बाय,

तुझं बारावं आटोपलं. पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, आणि मग मी दुकानाचं शटर वर केलं. आधीच सांगून ठेवते, मी दमलेय. रडून दमायला वेळच मिळाला नाही. चहा करून दमले आणि सांगून दमले. येणारा प्रत्येक जण दारातच विचारायचा, 'अशी कशी गो गेली?' आणि मी पहिल्यापासून सुरू करायची. सकाळी दारावर आलेल्या पोदेराकडून उंडे पाव घेतले, आदल्या दिवशीचे पाव चिवट निघाले म्हणून त्याच्याशी हुज्जत घातली, चहा अर्धाच प्यायली, छातीवर हात ठेवला, गाडीत बसवली, हॉस्पिटल यायच्या आधी वाटेतच संपलं. इतकंच आहे ते. पण दर वेळी सांगताना वाटायचं, या खेपेला शेवट वेगळा होईल.

डिचोलीच्या बाजारात एका गाळ्यात आपण दोघी नणंद-भावजया इतकी वर्षं कॉम्प्युटर जुळवून विकत बसलो. तरी अजून लोक विचारतात, तुमचं पटलं कसं? पटत कुठे होतं? विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते आपलंच. फक्त बाकीच्या नणंदा-भावजया दागिन्यांवरून भांडतात आणि आपण पॉवर सप्लायवरून भांडायचो. तू मला 'वयनी' म्हणायचीस आणि मी तुला, घरात सगळे म्हणायचे म्हणून, 'बाय'. माझ्याहून थोडी लहान होतीस, पण दुकानात पाऊल टाकलं की वयाचा हिशेब उलटा व्हायचा. तिथे तू मोठी आणि मी उमेदवार.

शटर वर केलं तर मेजावर खोकी तशीच होती. रोहिदासाच्या कॉम्प्युटरची. हरमलचा तो लग्नांचे व्हिडिओ करणारा, ज्याचं जुनं मशीन ऐन लग्नसराईत मान टाकायचं आणि मग नवरीकडची माणसं त्याला फोन करकरून भंडावून सोडायची. बोर्ड आला होता, प्रोसेसर आला होता, मेमरी, डिस्क, ग्राफिक कार्ड, पॉवर सप्लाय, सगळं तू पारखून मागवलेलं. एक कॅबिनेट तेवढं आलं नव्हतं. हे सगळं ज्याच्या पोटात बसायचं तो पत्र्याचा डबा. तो यायचा राहिला, कारण आपलं भांडण मिटलं नव्हतं.

ते भांडण मी रोज मनात पुन्हा खेळते, म्हणून एकदा लिहूनच टाकते. तुझं म्हणणं, रोहिदासाचं घर समुद्राच्या तोंडावर, तेव्हा चारी बाजूंनी बंद, जाड पत्र्याचं, एकाच जाळीचं कॅबिनेट घ्यायचं. माझं म्हणणं, पुढून-मागून मोकळं, जाळीदार, मोठ्या पंख्यांचं घ्यायचं. तू डिचोलीची. तुझा वैरी म्हणजे खाणीची लाल धूळ. सुर्ल्याच्या त्या ट्रकवाल्याचा कॉम्प्युटर उघडलास तेव्हा आत इतकी माती होती की भेंडी पेरली असती तर उगवली असती. तेव्हापासून तुझा नियम ठरला: भोकं जितकी कमी तितकं बरं, आणि जी असतील त्यांवर जुन्या सुती साडीचा तुकडा. माझ्या दोन चांगल्या साड्या त्या पायी गेल्या. त्या जुन्या नव्हत्या, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

पण मी मांद्र्याची गो. माझं माहेर वाऱ्यावर. खारं वारं तू दार लावलंस म्हणून बाहेर थांबत नाही. ते कुठून ना कुठून शिरतंच, आणि एकदा आत आलं की त्याला बाहेर जायला वाट हवी. आमच्या घरी पेटीत जपून ठेवलेली कात्री गंजायची आणि पडवीत खिळ्याला टांगलेली कोयती लखलखीत असायची. हे मी तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, 'कोयती सदांच वापरतात म्हणून तिका जंग लागना. वाऱ्याक कित्याक श्रेय दितां?'

'मग रोहिदास काय कॉम्प्युटर देवघरांत दवरतलो? तोय सदांच वापरतलो न्हय?'

'वयनी, तूं वाद घालूंक शिकल्या, कॅबिनेट निवडूंक शिकूंक ना.'

'तूं शिकयलें ना म्हण.'

त्यावर तू हसलीस आणि तोंडावरचं हसू लपवायला दिवा बंद केलास. 'बरें, फाल्यां उलोवया.' उद्या बोलू. शटर ओढलंस. दुसऱ्या दिवशीची गोष्ट मी लोकांना सांगून सांगून दमलेय, ती तुला परत सांगत नाही.

तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं की तू काय करायचीस ते मला आठवतं आणि हसू येतं. बाकीच्या दुकानांत पहिला प्रश्न असतो, किती पैशांपर्यंत? तुझा पहिला प्रश्न असायचा, कॉम्प्युटर बसणार कुठे? जनेलाजवळ का? जनेल कुठल्या बाजूला उघडतं? घर रस्त्यापासून किती आत? जमिनीवर ठेवणार की मेजावर? मांजर आहे? एकदा एक भटजी पत्रिका करायला कॉम्प्युटर घ्यायला आले होते. तू त्यांना पाली, मुंग्या, धूप, उदबत्ती सगळं इतकं विचारलंस की ते म्हणाले, 'बाय, हांव घर विकपाक येवंक ना, कॉम्प्युटर घेवपाक आयलां.' मीही हसले होते. पण पाल बोर्डावर चढून जळाली की बोर्डही जळतो, हे मी नंतर डोळ्यांनी पाहिलं, आणि धुपाच्या तेलकट काजळीनं पंखे कसे चिकटतात तेही.

जागा कळली की मग तू वस्तूंकडे वळायचीस. प्रोसेसर कुठला, तर तो या बोर्डावर बसतो का. बसत असला तरी बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असला तर बोर्डाला त्याची ओळख आधी करून द्यावी लागते, नाही तर दोघं आमनेसामने बसून राहतात आणि पडदा काळा. मेमरी जुन्या जातीची की नव्या, कारण खाच थोडीशी सरकलेली असते आणि जोर लावणारा माणूस काहीतरी मोडून ठेवतो. कार्डाची लांबी, पंख्याची उंची. तो एक कॉलेजातला मुलगा सेलमध्ये सगळं घेऊन आला होता, आठवतो? प्रोसेसरवरचा पंखा इतका उंच की कॅबिनेटाचं दार लागेना. तू त्याला म्हणालीस, 'बाबा, मुकुट घालून दारांतल्यान वचपाक मेळना, मान तरी वांकोवपाक जाय.' त्यानं पंखा बदलून घेतला आणि जाताना तुझ्या पाया पडला. तू कानकोंडी झालीस. कौतुक केलं की तू एखादा स्क्रू शोधायला मेजाखाली वाकायचीस, ही तुझी जुनी सवय.

मी त्या दुकानात आले ती डबा द्यायला. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या घरी सगळं आधीच ठरलेलं असायचं. भाजी कुठली ते सासूबाई, सुट्टीत कुठे जायचं ते सासरे, मुलीची शाळा कुठली ते तुझा दादा. वाईट कुणीच नव्हतं गो, खोटं कशाला बोलू. पण कुणी विचारत नसे. त्या दिवशी शिरगावची कुणी बाई दोन मॉनिटर समोर ठेवून अडून बसली होती, हा घेऊ की तो, आणि तू टिफिन हातात घेता घेता मला म्हणालीस, 'वयनी, तुका कितें दिसता?' मला वाटलं थट्टा करतेस. तू थांबली होतीस. खरंच थांबली होतीस उत्तरासाठी. मी मोठ्या अक्षरांचा मॉनिटर दाखवला, कारण त्या बाईंचा चष्मा जाड होता. त्यांनी तोच घेतला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आले ती संध्याकाळपर्यंत घरी गेले नाही, आणि मग कधीच नीट गेले नाही. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तू लगेच स्क्रू शोधायला वाकली असतीस.

आता लॅपटॉपचं. ते भांडणही अर्धंच राहिलं. खाणी बंद पडल्या, ऑफिसं बंद पडली, ट्रकवाल्यांनी ट्रक उभे केले आणि आपल्याकडे येणारी माणसं आटली. पोरांच्या हातात फोन. मी म्हणायची, तयार लॅपटॉप ठेवूया, लोक तेच मागतात. तू म्हणायचीस, 'रांदिल्लें जेवण विकपाक म्हजें हॉटेल न्हय.' मी म्हणायची, हॉटेलं तरी चालतात. तू दोन दिवस अबोला धरायचीस. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर यायचा आणि आपण दोघी त्यात डोकं घालून विसरून जायचो. एक मात्र कबूल करते. तुझ्या हातची मशिनं अजून चालतात. त्या मयेच्या पतपेढीतलं तर मेल्याहून मेलेलं दिसतं, पण चालतं.

तर शटर वर केलं आणि मी त्या खोक्यांकडे बघत कदेलीवर बसून राहिले. तुझ्या नव्हे, माझ्याच. थोड्या वेळानं तुझा दादा आला. तो दुकानात फार कमी यायचा, तुला ठाऊकच आहे. दारात उभा राहून छताकडे, भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'गाळो भाड्याक दिया असो विचार आसा. आत्याचो नातू मोबाईलचीं कव्हरां घालून बसपाक सोदता.'

तो वाईट मनानं बोलत नव्हता. त्याचा चेहरा या थोड्या दिवसांत इतका ओढलाय की जणू त्याचाच आजार सुरू आहे. तू त्याची धाकटी बहीण. त्याला या गाळ्यात यायलाच नको असेल. शटर पाहिलं की तू दिसत असशील. मला ते कळत होतं. पण मला आणखी एक कळत होतं. गाळा गेला की मी परत डबा भरणारी होणार, आणि आता डबा न्यायलाही कुणी नाही. मुलगी पुण्याला तिच्या संसारात. मी दिवसभर त्या घरात काय करणार? भिंती पुसणार?

'सोमारा देवळांत वचूया,' तो म्हणाला. 'प्रसाद घेवया. देव सांगता तशें करूया.'

प्रसाद म्हणजे आपल्याकडे कौल. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न सांगायचा, उजवी पाकळी आधी पडली तर होय आणि डावी पडली तर नको. लग्न, घर, विहीर, मुलाचं नाव, सगळं असं ठरतं, आणि ठरल्यावर कुणी मागे फिरत नाही. त्यानं 'प्रसाद' म्हटलं आणि मला त्या दुःखातही ते दोन भाऊ आठवले. बाय, तुला आठवतात ना? शेतीवाडी एकत्र, कॉम्प्युटर मात्र एकच घ्यायचा, आणि दोघांची दोन मतं. थोरल्याला या कंपनीचा प्रोसेसर हवा, धाकट्याला त्या कंपनीचा बोर्ड. भांडण नको म्हणून दोघं देवळात गेले. थोरल्यानं आपला प्रोसेसर विचारला, उजवी पडली. धाकट्यानं आपला बोर्ड विचारला, तीही उजवीच पडली. दोघं खूश होऊन एक पणजीला गेला आणि एक म्हापशाला, आणि दोन्ही वस्तू घेऊन आपल्या दुकानात हजर. हा प्रोसेसर त्या बोर्डावर मरेपर्यंत बसणार नव्हता. पिना वेगळ्या, बैठक वेगळी, सगळंच वेगळं. तू बदलून आणा म्हणालीस तर दोघंही बसूनच राहिले. देवानं दिलेलं बदलायचं कसं?

मी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसत होते. तू मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, 'देवान दोनूय दिल्यात न्हय? म्हळ्यार देवान दोन कॉम्प्युटर सांगल्यात. एक तुका, एक तुका.' एकाच्या प्रोसेसराला तू दुसरा बोर्ड घातलास, एकाच्या बोर्डाला दुसरा प्रोसेसर. दोघं भाऊ दोन कॉम्प्युटर घेऊन गेले आणि पुढे त्यांचं चांगलं चाललं म्हणतात. ते गेल्यावर तू मला म्हणालीस ते मात्र हसून नव्हतं. 'वयनी, देवाक एकेक वस्त विचारतात. हें सगळें एकठांय नांदतलें काय ना, तें विचारूंक कोणाक सुचना.'

दादा समोर उभा होता. मी त्याला म्हटलं, 'देवाक विचारात. पूण ताचे आदीं म्हाका विचारात.'

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला असं कधी बोलले नव्हते. आवाज चढवला नव्हता मी. दमलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. त्यानं कदेल ओढून घेतली आणि बसला. बराच वेळ त्या खोक्यांवरची नावं वाचत होता, म्हणजे वाचल्यासारखं करत होता. मग म्हणाला, 'तुका एकटीक जमतलें?'

'खबर ना. हो रोहिदासाचो कॉम्प्युटर करून पळयतां. जालो ना जाल्यार तुमी भाड्याक दियात.'

हा सौदा मी त्याच्याशी केला, बाय. तुला न विचारता. तुझ्या शेवटच्या मशीनवर आपलं दुकान पणाला लावलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, येडी आहेस, पहिल्याच खेपेला इतकं महाग मशीन घेऊन जुगार खेळतेस. पण ते सोपं मशीन असतं तर त्याला काय अर्थ होता?

कॅबिनेट निवडायला मी दोन दिवस घेतले. तू सांगितलेलं बंद कॅबिनेट समोर ठेवलं आणि माझं जाळीचं समोर ठेवलं, म्हणजे फोनवर त्यांचे फोटो आणि मापं. मनात इच्छा होती की मापानंच निकाल लागावा. कार्ड लांब आहे, ते तुझ्या कॅबिनेटात मावलं नाही तर प्रश्नच मिटला, तुझं मन मोडल्याचं पाप माझ्याकडे नको. माझ्या शिवणाच्या टेपनं कार्ड मोजलं, पुढच्या पंख्यांची जाडी धरली. मावत होतं. दोन्हीकडे मावत होतं. तू घरकामाला हात लावायची नाहीस, पण वस्तूंची निवड करताना कुठेही बोट ठेवायला जागा ठेवायची नाहीस.

मग मी माझं निवडलं.

तुला खोटं वाटेल, पण मागवण्याआधी दोनदा फोन मेजावर पालथा ठेवला. तू हयात असताना माझं म्हणणं रेटणं किती सोपं होतं! चूक ठरले असते तर तू सांभाळून घेतलं असतंस आणि वर वर्षभर टोमणे मारले असतेस. आता चूक ठरले तर टोमणा मारायलाही कुणी नाही. तुझं निवडलं असतं तर लोक म्हणाले असते, बायची शेवटची इच्छा पाळली. माझ्या मनाला मात्र ते पटलं नसतं. खाऱ्या वाऱ्याविषयी तुला माझ्याइतकं ठाऊक नव्हतं आणि तुझ्या मरणानं ते तुला ठाऊक झालं नाही. मेलेल्या माणसाचं सगळंच बरोबर, असं मानणारी मी नव्हे, आणि तुलाही ते आवडलं नसतं.

कॅबिनेट आलं त्या दुपारी मी जुळवायला बसले. तुझी पद्धत सोडली नाही. कॅबिनेटात काहीही बसवण्याआधी सगळं बाहेर, बोर्डाच्याच खोक्यावर मांडून एकदा चालवून बघायचं. 'घरांत घेवचे आदीं आंगणांत बसोवन पळय,' म्हणायचीस. मांडलं. प्रोसेसर बसवला. मेमरीचा खटका लागला. पंख्याची तार, पॉवरची तार, मॉनिटरची तार. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं बोर्ड सुरू करायच्या दोन पिनांना शिवलं. पंखा फिरला.

पडदा काळा.

परत केलं. पंखा फिरला, पडदा काळा. मेमरी काढली, पुसली, घातली. काळा. दादा कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटत नव्हतं. मी मनात तुला शिव्या घातल्या. गेलीस ती गेलीस, निदान हा बोर्ड तरी नीट बघून घ्यायचा होतास. मग स्वतःला घातल्या. मग हात मांडीवर ठेवून बसले आणि तू निवडलेल्या एकेका वस्तूकडे नुसती बघत राहिले. हा प्रोसेसर तू का घेतलास? याचाच थोडा महाग भाऊ बाजारात होता, तो का नाही? त्या महागड्यात पडद्यावर चित्र काढायची सोय प्रोसेसरातच असते. स्वस्तात ती नसते. रोहिदासाला मोठं ग्राफिक कार्ड लागणारच होतं, मग चित्राचे पैसे दोनदा कशाला, म्हणून तू साधा घेतलास. म्हणजे या प्रोसेसराला चित्र काढताच येत नव्हतं, आणि मी शहाणी मॉनिटरची तार सवयीनं बोर्डात खुपसून बसले होते. कार्ड तर अजून खोक्यातच होतं!

कार्ड बसवलं, तार कार्डाला लावली. पडद्यावर अक्षरं आली.

दादानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. 'जालो?' त्यानं विचारलं. मी मान हलवली. तो उठून बाहेर गेला आणि परत आला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात दोन सोडा. मला सोडा आवडत नाही, तुला आवडायचा. मी प्यायले.

हरमलला तोच गाडी घेऊन आला. कोलवाळ ओलांडेपर्यंत तो दर खड्ड्याला गाडी हळू करत होता. मागच्या सीटवर मशीन उशांमध्ये बसवलेलं. पेडणे सोडलं तेव्हा तो म्हणाला, 'आत्याच्या नातवाक हांव सांगतां.' एवढंच. देवळात गेलो की नाही ते विचारशील. गेलो. पण प्रश्न घेऊन गेलो नाही, नारळ घेऊन गेलो.

रोहिदासाच्या आईनं दारातच मला धरलं. रडली, मग रडता रडता हसायला लागली. तू मागच्या खेपेला आली होतीस तेव्हा जनेलात वाळत घातलेले बांगडे तू स्वतःच्या हातानं उचलून बाहेर नेलेस म्हणे, आणि त्यांना दम दिलास की कॉम्प्युटर आणि सुकी मासळी एका खोलीत नांदणार नाहीत. 'माका माज्या घरात कोण असा बोलूक नाय आजून,' म्हातारी म्हणाली. 'आनी मगे हंय बसान त्येच बांगडे भाजून खाल्ल्यान.' हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. घरी येऊन म्हणाली होतीस की रस्त्यात वडापाव खाल्ला.

मशीन मेजावर बसवलं, जनेलापासून लांब. सुरू केलं. रोहिदासानं कुठल्यातरी लग्नाचा व्हिडिओ लावला. नवरी न अडखळता चालत आली, अक्षता न अडखळता पडल्या. तो कॅबिनेटाच्या जाळीवरून हात फिरवत म्हणाला, 'ह्यो उगडो गो. बाय तर बंद कॅबिनेट म्हणत होती.'

'हय, ती बंद म्हणत होती. हो हांवें निवडला,' मी म्हटलं.

'बरोबर कोण?'

गंज एका पावसाळ्यात दिसत नाही. दोन-तीन जातील तेव्हा दार उघडून बघायचं. पिना काळ्या पडल्या असतील तर तू जिंकलीस आणि मी येऊन तुझ्या फोटोसमोर सांगेन, शपथ. पण खरं सांगू का, बाय, मला हा निकाल नकोच आहे. भांडण चालू राहिलं असतं तर बरं होतं. दर पावसाळ्यानंतर हरमलला यायचं, कॅबिनेट उघडायचं, दोघींनी आत डोकं घालायचं, आणि बाहेर येऊन दोघींनी आपलंच खरं म्हणायचं. तेवढंच मागितलं असतं मी देवाकडे, मागायचं असतं तर.

निघताना म्हातारीनं कोकमांची पिशवी हातात दिली. रोहिदास फोन काढून उभा राहिला. 'वयनी, बिगडलो जाल्यार फोन खंय करूं?'

'दुकानाचोच नंबर.'

'तो माज्याकडे बायच्या नावान आसा.' तो जरा ओशाळला. 'तुजें नाव घालूं?'

दादा गाडीत बसला होता, इंजिन सुरू होतं. रोहिदासाचा अंगठा तुझ्या नावावर थांबला होता, पुसायला तयार.

'नाका,' मी म्हटलं. 'बायच्याच नांवान आसूं दी. फोन हांव घेतां.'